बंदुका, जुन्या लष्करी : संग्रह व ओळख

सैन्याच्या वापरातून बाद झालेल्या, खांद्याला लावून झाडावयाच्या व पुरातन वस्तू म्हणून जतन केलेल्या बंदुकांना स्थूलमानाने ही संज्ञा लावतात. तीत तोड्याच्या, चकमकीच्या व टोपीच्या ठासणीच्या बंदुका, तसेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काडतुसाच्या रायफली यांचा समावेश होतो. अशा बंदुका गोळा करण्याचा छंद यूरोप-अमेरिकेत जुना आहे. महाराष्ट्रात तो थोड्यांनाच परवडला. परंतु बंदुका मात्र संस्थानिकांच्या शिलेखान्यांत, देशमुख-पाटलांच्या गढ्यांत आणि क्वचित साध्या शेतकऱ्यांच्या घरी शिल्लक राहिल्या. त्यांची ओळख कशी पटवावी आणि तीत चूक का होते, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. वऱ्हाडातील, विशेषतः बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील, परिस्थिती येथे उदाहरणादाखल घेतली आहे. [⟶ बंदूक, दारूगोळा].

संग्राहकाचे काम सर्वांत सोपे कोठे असेल, तर ते स्वित्झर्लंडच्या लष्करी रायफलींच्या बाबतीत. तेथील १८६९ च्या नमुन्याची १०·४ मिमी. व्यासाची व्हेटर्ली रायफल, १८८९ च्या नमुन्याची ७·५ मिमी. ची श्मिट-रुबिन रायफल व तिची पुढची रूपे आणि १९३१ च्या नमुन्याची आखूड रायफल यांवर अनुक्रमांक व तपासणीच्या मुद्रा पद्धतशीर रीत्या ठोकलेल्या असतात. सुट्या भागांवर लहानसा स्विस क्रूस व अनुक्रमांकाचे आकडे आढळतात, त्यामुळे एखादा भाग मागाहून बदलला असल्यास ते चटकन कळते. तेथील नागरी सैन्याच्या पद्धतीनुसार शिपाई आपली रायफल घरी ठेवीत असे. सेवा संपल्यावर ती त्याच्याच मालकीची झाली, तर तिच्यावर ‘पी’ हे अक्षर ठोकीत. १९३१ च्या नमुन्याच्या अनेक रायफलींत दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडली, की आत शिपायाचे नाव व पलटण लिहिलेली चिठ्ठी सापडते. म्हणजे तेथे शस्त्राची ओळख ही बव्हंशी वाचनाची बाब आहे. महाराष्ट्रातील जुनी बंदूक सहसा मुकी असते. तिच्यावर कारागिराचे नाव नसते, वर्ष नसते, आणि मालकाने सांगितलेली हकिकत बहुधा दोन-तीन पिढ्यांपलीकडे विश्वसनीय राहत नाही. येथे ओळख पटवावयाची ती घडणीवरून व झिजेवरून.

बुलढाणा जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी अनेक सैन्यांचे मार्ग एकमेकांना छेदून गेले. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला व दक्षिणेतील निजामशाहीचा पाया घातला. १७५७ च्या अखेरीस विश्वासराव व दत्ताजी शिंदे यांच्या फौजांनी सिंदखेड येथे रामचंद्र जाधवरावास वेढले, तेव्हा निजामअली त्याच्या मदतीस धावून आला. या प्रसंगी निजामअलीच्या बाजूने लढणारा इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनानी ब्यूसी याच्या हाताखाली तयार झालेला होता. त्याच्या कवायती पायदळाची उपयुक्तता मराठ्यांच्या चांगलीच लक्षात आली. पुढे तो सदाशिवरावभाऊंच्या पदरी आला आणि पानिपतावर (१७६१) मारला गेला. १८०३ मध्ये तर जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना लढाया झाल्या. २३ सप्टेंबर रोजी आसई (जि. जालना) व २९ नोव्हेंबर रोजी अडगाव (जि. अकोला) येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांनी शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. त्या वर्षअखेरच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले व १८५३ च्या तहानंतर ते कंपनीच्या कारभाराखाली आले. पराभूत व बरखास्त शिपाई जाताना शस्त्रे मागे ठेवीत, विकीत किंवा सोबत नेत. वऱ्हाडातील एकाच वाड्यात देशी तोडा, फ्रेंच धर्तीची चकमक व कंपनीची मुद्रा असलेली नळी शेजारी शेजारी टांगलेली दिसली, तर त्यात नवल नाही.

तोड्याची बंदूक ही यांतील सर्वांत जुनी जात. दक्षिण भारतात ही विद्या बहमनी व पुढील शाह्यांच्या काळात रुजली. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली व आता विजापुरास असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ त्या काळच्या ओतकामाची साक्ष देते. १५१० नंतर पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोवे हेही बंदुकांच्या निर्मितीचे केंद्र बनले. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या आखूड दस्त्याच्या बंदुकीची परंपरा पूर्वेस जपानपर्यंत पोहोचली. देशी बंदूक मात्र आपल्या वळणाने वाढली. तिचा दस्ता सडपातळ, सरळ व बहुधा पैलूदार असतो. नळी लांब असून ती दस्त्याला चामड्याच्या वादीने, तारेने किंवा पितळी कड्यांनी आवळलेली असते. दस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या बसविलेल्या असतात. जळता तोडा धरणारी नागमोडी पट्टी दस्त्याच्या खाचेत असते व चाप ओढल्यावर ती पुढे झुकून उजव्या बाजूच्या रंजकाच्या वाटीत तोड्याचे टोक टेकविते. यूरोपीय तोड्याच्या बंदुकीत ही हालचाल सामान्यतः उलट, म्हणजे झाडणाऱ्याच्या दिशेने, होते. केवळ या एका खुणेवरून देशी व यूरोपीय घडण पुष्कळदा वेगळी करता येते.

परंतु देशी तोड्याच्या बंदुकीचा काळ ठरविणे हे फार अवघड काम आहे, कारण तिची घडण दोनशे वर्षांत फारशी बदलली नाही. चकमकीच्या बंदुकीला चांगली गार आणि पाणी दिलेल्या कमानी लागत. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शके, व तिचा तोडा घरच्या सुतापासून होई. म्हणून कवायती पलटणींनी ती टाकल्यानंतरही शिबंदी, बरकंदाज व गढीवरचे पहारेकरी १८५७ पर्यंत तीच वापरीत होते. घरोघरच्या तोड्याच्या बंदुकांना ‘शिवकालीन’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. जाणकार डोळ्यांना यांतील बहुतेक बंदुका अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील अथवा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वाटतात. यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. मात्र सतराव्या शतकाचा दावा करावयाचा, तर त्यासाठी दिनांकित लेख, शिलेखान्याची नोंद किंवा त्या तोलाचा दुसरा पुरावा पाहिजे. असा पुरावा दुर्मिळ असला, तरी अशक्य नाही. बिकानेरच्या शिलेखान्यातील शस्त्रांवर ठिपक्यांनी कोरलेल्या नागरी नोंदी आहेत. टिपू सुलतानाच्या कारखान्यांतील बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी व मौलूदी शकातील वर्ष असते. या वर्षाचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात. ते नेहमीच्या रीतीने वाचल्यास भलताच काळ येतो.

चकमकीच्या बंदुकीबरोबर ठशांचे युग सुरू झाले. महादजी शिंदे यांनी सॅव्हॉयचा ब्न्वा द ब्वान्य याला १७८४ मध्ये नोकरीस ठेवून पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्रा येथे सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. ही बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे आणि गुणात ती विलायती मालास उणी नव्हती, असे समकालीन यूरोपीयांचे मत होते. अशा बंदुका इंग्रजी नमुन्यांच्या इतक्या हुबेहूब नकला असत, की आज त्या ओळखणे हे तज्ञालाही कठीण जाते. विलायती ठशाचा अभाव, कमानीच्या पत्र्यावरील हातकानशीची खूण आणि स्क्रूच्या आट्यांतील असमानता या त्यांच्या बाबतीत उपयोगी पडणाऱ्या खुणा होत. आसईच्या रणांगणावर पोलमनच्या हाताखाली लढलेल्या शिंद्यांच्या पलटणी याच परंपरेतील होत्या.

कंपनीच्या बंदुका त्या मानाने बोलक्या आहेत. ‘ब्राउन बेस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चकमकीच्या बंदुकीचे कंपनीने स्वतःचे नमुने करून घेतले होते. त्यांची सु. ९९ सेंमी. लांबीची नळी ब्रिटिश सैन्याच्या त्या वेळच्या नळीपेक्षा आखूड होती. पुढे फ्रान्सशी चाललेल्या युद्धांच्या गर्दीत ब्रिटिश सरकारनेही हा सुटसुटीत नमुना उचलला व म्हणून त्याला ‘इंडिया पॅटर्न’ हे नाव पडले. कंपनीच्या मालावर प्रारंभी हृदयाच्या आकाराची, चार भागांत विभागलेली व वर चारच्या आकड्यासारखी खूण असलेली मुद्रा ठोकीत. १८०८ पासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आला. केवळ एवढ्या एका ठशावरून बंदूक १८०८ च्या अलीकडची की पलीकडची हे ठरते. अर्थात ठसा नळीवरचा की कमानीच्या पत्र्यावरचा हे पाहणे आवश्यक आहे, कारण दोन्ही भाग एकाच बंदुकीचे असतीलच असे नाही.

१८४० च्या सुमारास कंपनीच्या सैन्यात टोपीची (केपाची) बंदूक आली आणि अनेक जुन्या चकमकी बंदुका नव्या पद्धतीत बदलण्यात आल्या. हा बदल लपत नाही. चकमकीच्या पोलादी झाकणाची व त्याच्या कमानीची भोके पत्र्यावर बुजविलेली दिसतात. बत्तीच्या छिद्राच्या जागी निपल बसविण्यासाठी घातलेला लोखंडी गठ्ठा रंगाने व कण्याने नळीपेक्षा वेगळा असतो. खेड्यातील लोहाराने केलेले रूपांतर आणि कंपनीच्या कारखान्यात झालेले रूपांतर यांतील फरकही सरावाने कळू लागतो. लोहाराचे काम ओबडधोबड असते, पण ते बहुधा भक्कम असते.

सर्वांत शिकवून जाणारी तपासणी नळीच्या तोंडाशी करावयाची आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचा अंतर्व्यास ०·५७७ इंच (१४·७ मिमी.) असून तिच्या नळीत तीन सर्पिल खाचा असतात. याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून १८५७ च्या उठावाची ठिणगी पडली. उठाव शमल्यानंतर देशी पलटणींना पुन्हा खाचांची रायफल देण्यास सरकार धजेना. तेव्हा बाहेरून अगदी एन्फील्डसारखी, पण आतून गुळगुळीत व ०·६५६ इंच (१६·७ मिमी.) व्यासाची बंदूक १८५८–५९ मध्ये देशी शिपायांसाठी काढण्यात आली. तिच्यावर दूरचा नेम धरण्याची सरकती पट्टी नाही, साधा स्थिर खाचेचा नेम आहे. टांगलेल्या जागेवरून पाहणारा तिला एन्फील्ड रायफल म्हणतो व संग्रहालयांच्या पाट्यांवरही तशी चूक आढळते. बोट आत घातले, की सरकारने हिंदी शिपायावर किती विश्वास ठेवला होता ते कळते. या धोरणाचे सातत्य पुढेही दिसते. मागून भरावयाची स्नायडर, मार्टिनी-हेन्री (०·४५ इंच) व नंतर मॅगझिनची ०·३०३ इंची रायफल ही शस्त्रे गोऱ्या पलटणींना आधी व देशी पलटणींना बऱ्याच उशिरा मिळाली. विसाव्या शतकात ईशापूर (प. बंगाल) येथील कारखान्यात ०·३०३ च्या ली-एन्फील्ड रायफली तयार होऊ लागल्या. त्यांतील काही नळ्या ०·४१० इंची गुळगुळीत करून पोलीस व तुरुंगरक्षक यांना देण्यात आल्या. जुनी रायफल म्हणून विकल्या गेलेल्या अनेक ‘थ्री-नॉट-थ्री’ प्रत्यक्षात या जातीच्या निघतात. ईशापूरच्या मालावर कारखान्याची आद्याक्षरे, वर्ष व स्वातंत्र्यपूर्व काळात मुकुट असतो. प्रजासत्ताक स्थापन झाल्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. बाणाच्या टोकाखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास ती वस्तू हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती, असे समजतात.

वऱ्हाडातील संग्रहांत एकजिनसी बंदुका कमी व मिश्र बंदुका अधिक. विलायती नळी आणि देशी दस्ता, कंपनीची कमान आणि दुसऱ्याच बंदुकीचा चाप, मुळात लांब असलेली पण शिकारीसाठी आखूड कापलेली नळी, फुटलेल्या दस्त्यावर पितळी पत्र्याचे ठिगळ, असे नमुने येथे मिळतात. परदेशी संग्राहक अशा बंदुकीस अस्सल मानीत नाही व तिची किंमत पाडतो. हा निकष येथे लावणे योग्य नाही. ज्या प्रदेशात शस्त्रे युद्धात हाती आली, बंदीच्या काळात लपविली गेली व नंतर रानडुकरे आणि रोही यांपासून पीक राखण्यासाठी वापरली गेली, तेथे दुरुस्ती हाच बंदुकीचा इतिहास असतो. मूळ रूपात ‘परत आणण्यासाठी’ नवा दस्ता घालणे म्हणजे तो इतिहास खरवडून काढणे होय. १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, तेव्हापासून परवान्याची नोंद हाही या इतिहासाचा भाग झाला. नोंदीत लिहिलेला क्रमांक व बंदुकीचे वर्णन पुष्कळदा घराण्याच्या कथेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

नकली मालाविषयीही सावध राहावयास हवे. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी मार्टिनी-हेन्री व ली-एन्फील्ड यांच्या हाताने केलेल्या नकलांवर राणीची आद्याक्षरे व मुकुट ठोकले आहेत. त्यांत अक्षरे उलटी पडणे, स्पेलिंग चुकणे किंवा त्या नमुन्याच्या पूर्वीचे वर्ष येणे हे दोष सापडतात. अलीकडे सजावटीसाठी तयार होणाऱ्या पितळी मढवणीच्या तोड्याच्या बंदुका तर केवळ जुनाट दिसाव्यात म्हणूनच गंजविलेल्या असतात. खऱ्या जुन्या बंदुकीत बत्तीच्या छिद्राभोवती दारूच्या क्षाराने लोखंड खाल्लेले असते. गंज सर्वत्र सारखा असून छिद्र मात्र स्वच्छ असेल, तर संशय घ्यावा.

घरगुती जतनाची सर्वांत मोठी हानी श्रद्धेपोटी होते. खंडेनवमीला शस्त्रपूजेपूर्वी बंदूक चिंच व राख लावून घासण्याची चाल आहे. त्या घासण्याने दरवर्षी ठसे थोडे थोडे पुसट होत जातात व शेवटी कंपनीचा सिंह नुसत्या उंचवट्यासारखा उरतो. लोखंड कोरड्या फडक्याने पुसून त्यावर हलक्या तेलाचा हात फिरविणे पुरेसे असते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिल्यास अनेक दशकांनंतरही पेट घेते. गज नळीत हलकेच सोडून तोंडाशी खूण करावी व तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोहोचत नसल्यास आत ठासण आहे असे समजावे व बंदुकीस हात न लावता जाणकारास बोलवावे.

अभ्यासासाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३), पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रह उपयुक्त आहेत. शस्त्रसाठा न मोडता तसाच राहिला तर काय हाती लागते, याचे उदाहरण नेपाळमध्ये सापडते. काठमांडूच्या जुन्या शिलेखान्यात पडून असलेल्या ब्राउन बेस, एन्फील्ड व मार्टिनी-हेन्री बंदुकांचा प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातून कंपनीच्या नमुन्यांविषयीच्या अनेक जुन्या समजुती तपासून घेता आल्या. मात्र साठा विखुरला गेला.

भारतात या वस्तूंचे भवितव्य कायद्याशी निगडित आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ अन्वये कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मूल्याचे अथवा नादुरुस्त हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु त्याचा, दुरुस्ती करून किंवा न करता, अग्निशस्त्र म्हणून उपयोग होणे शक्य नसावे, अशी अट आहे. बंदूक जुनी आहे एवढ्यावर परवाना माफ होत नाही, हे अनेक संग्राहकांच्या ध्यानात येत नाही. शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार पुरावशेष ठरत असल्याने ती खाजगी रीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांना बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावी लागते व ठरलेल्या मुदतीत हक्क न सांगितल्यास ती सरकारजमा होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व ती वारसाहक्काने आलेल्या हत्यारांनाही लागू केली. अधिकचे हत्यार एका वर्षात जमा करावयाचे होते. तीनपैकी एक द्यावयाचे म्हटले, की कामाची काडतुसी बंदूक सोडून आजोबांची ठासणीची बंदूकच पुढे केली जाते. ती जमा करण्यापूर्वी नळीचा अंतर्व्यास, खाचा असल्यास त्यांची संख्या, सर्व ठसे व दुरुस्त्या यांची नोंद आणि छायाचित्रे घेऊन ती परवान्याच्या प्रतीसोबत ठेवता येतात. जवळच्या संग्रहालयास लेखी कळविण्याचा मार्गही वारसांना मोकळा असतो.